सागरतळाचा छायाचित्रकार : लुई बूताँ

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी आईवडिलांबरोबर मालवणास गेला होता. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ समुद्रांत तोंडांत श्वासाची नळी धरून व डोळ्यांवर कांचेचा मुखवटा बांधून पाण्यावर पालथें तरंगावें आणि खालचीं पोवळीं व मासे पाहावे, अशी सोय तेथें आहे. मुलानें तें सर्व डोळे भरून पाहिलें, आणि वडिलांचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून त्याचीं चित्रेंही घेतलीं. शाळा सुरू झाल्यावर तीं चित्रें त्यानें वर्गांत दाखविलीं. सर्वत्र निळसर हिरवें धुकें पसरलेलें, आणि त्यांत कोठेंतरी एक करडा ठिपका! तो ठिपका म्हणजे पिवळ्या पट्ट्यांचा एक सुंदर मासा होता असें तो परोपरीनें सांगत होता, परंतु कोणाचा विश्वास बसेना. मुलें हसूं लागलीं. पुढें एके दिवशीं त्याचे वडील आम्हांस भेटले. पाण्याखालीं चालणारा एखादा लहानसा कॅमेरा घ्यावयाचा झाल्यास तो कसा निवडावा, असें त्यांस विचारावयाचें होतें. दुकानांत पाहिलेल्या वस्तूंची किंमत त्यांच्या एका महिन्याच्या मिळकतीच्या घरांत जात होती. मुलाचें मन मोडूं नये आणि पैसाही व्यर्थ जाऊं नये, अशा पेंचांत ते होते.

त्यांस उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस एका थोर पुरुषाचें चरित्र आठवलें. हाच प्रश्न त्याच्यापुढें सव्वाशें वर्षांहूनही अधिक काळापूर्वीं उभा राहिला होता, आणि त्या वेळीं जगांतील कोणत्याही दुकानांत असा कॅमेरा विकत मिळत नव्हता. त्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचें नांव लुई बूताँ. छायाचित्रणाच्या इतिहासांत सागरतळाच्या छायाचित्रणाचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद आणि पालकांस उपयोगी पडेल, या विचारानें तें आम्हीं येथें सादर करीत आहों.

बूताँ यांचा जन्म १८५९ सालीं पॅरिसजवळच्या व्हर्साय या नगरांत झाला. पॅरिस येथें शास्त्राचें अध्ययन केल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांस दूरदेशीं जाण्याची संधि मिळाली. १८८० सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. त्यांतील फ्रान्सच्या विभागाची व्यवस्था पाहण्यासाठीं जे लोक गेले त्यांत त्यांची निवड झाली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. प्रदर्शनाचें काम उरकून लगेच परत फिरावें असें त्यांनीं केलें नाहीं. सुमारें दीड वर्ष त्या खंडांत राहून, पोटाजवळच्या पिशवींत पिलें वाढविणाऱ्या तेथील विलक्षण प्राण्यांचा त्यांनीं अभ्यास केला. प्राणी जेथें राहतो तेथें जाऊन त्यास पाहावें, ही त्यांची वृत्ति तेव्हांपासूनच दिसून येते.

स्वदेशीं परतल्यावर शंखशिंपल्यांच्या वर्गांतील समुद्री प्राण्यांकडे त्यांचें लक्ष वळलें. फ्रान्सच्या दक्षिण टोंकास, स्पेनच्या सरहद्दीजवळ, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं बान्यूल नांवाचें एक लहानसें बंदर आहे. तेथें लाकाझ-द्युतिए या नामांकित प्राणिशास्त्रज्ञांनीं समुद्री जीवांच्या अभ्यासासाठीं एक प्रयोगशाळा स्थापिली होती. त्याच प्रांतांत जन्मलेले ज्योतिर्विद फ्रान्स्वा आरागो यांचें नांव तिला दिलें आहे. छायाचित्रण ही नवी कला १८३९ सालीं पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें मांडणारे जे आरागो, तेच हे. त्यांचें नांव धारण करणाऱ्या प्रयोगशाळेंतच या कलेनें पुढें समुद्रांत पाऊल टाकावें, हा एक मौजेचा योगायोग होय.

या काळांत बूताँ यांनीं पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रांत उतरण्याची विद्या हस्तगत केली होती. हा पोशाख आजच्यासारखा सुटसुटीत नव्हता. अंगांत रबर लावलेलें जाड कापड, डोक्यावर तांब्याचें अवजड शिरस्त्राण, पायांत शिशाच्या तळांचे बूट. वर नौकेंत बसलेले लोक पंपानें हवा भरीत, आणि ती लांब नळीवाटे खालीं पोंचे. पंप थांबला तर श्वासही थांबावयाचा! अशा रीतीनें तळाशीं उभे राहून बूताँ यांनीं जें पाहिलें त्यानें ते भारून गेले. प्रयोगशाळेंत टेबलावर येणारे प्राणी एकतर मेलेले, नाहींतर मरणोन्मुख. रंग उडालेले, अवयव आखडलेले. तेच प्राणी येथें आपल्या घरांत, आपल्या शेजाऱ्यांसह नांदतांना दिसत होते. परंतु वर आल्यावर हें इतरांस सांगावें कसें? शब्द अपुरे पडत, आणि आठवणीनें काढलेल्या चित्रांवर शास्त्रज्ञांनीं विश्वास कां ठेवावा? आमच्या विद्यार्थ्याची वर्गांत जी अडचण झाली, तीच या विद्वानाचीही होती. पाहिलेलें दुसऱ्यास दाखवितां येत नाहीं तोंवर तें शास्त्राच्या उपयोगीं पडत नाहीं, हें त्यांनीं जाणलें, आणि कॅमेराच समुद्रांत न्यावयाचा असा निश्चय केला.

त्यांच्या पूर्वीं असा प्रयत्न झाला नव्हता असें नाहीं. १८५६ सालीं इंग्लंडांत वेमथच्या उपसागरांत विल्यम टॉम्प्सन या गृहस्थांनीं पेटींत बंद केलेला कॅमेरा नौकेंतून पाण्यांत सोडला होता. पेटींत पाणी शिरलें. चित्र उमटलें तें अगदीं अंधुक. आणि तो उद्योग तेथेंच थांबला. त्या अपयशाचा अर्थ नीट ध्यानीं घेतला पाहिजे. कॅमेऱ्यास पाण्याखालीं तीन शत्रु असतात : पहिला पाण्याचा शिरकाव, दुसरा पाण्याचा दाब आणि तिसरा प्रकाशाचा अभाव. या तिघांस जिंकल्यावांचून चित्र मिळत नाहीं.

पहिल्या दोन शत्रूंशीं लढण्यास बूताँ यांस घरचाच साह्यकर्ता लाभला. त्यांचे बंधु ओग्यूस्त हे यंत्रशास्त्रज्ञ होते. त्यांनीं धातूची एक जलाभेद्य पेटी योजिली. तींत कॅमेरा बसवून आंतील कांचेच्या प्लेटी बाहेरूनच बदलतां येतील अशी रचना केली. समुद्रांत दर दहा मीटर खोलीस वातावरणाच्या एका दाबाइतका भार वाढत जातो; त्यामुळें बाहेरून दाबलें जाणारें पाणी सांध्यासांध्यांतून आंत घुसूं पाहतें. यावर त्यांनीं युक्ति काढली ती अशी : पेटीस हवेनें भरलेला एक रबरी फुगा जोडला. खोल गेल्यावर पाणी त्या फुग्यास दाबी, फुग्यांतील हवा पेटींत शिरे, आणि आंतला व बाहेरचा दाब सारखा होई. भिंत जाड करून शत्रूशीं झुंजण्यापेक्षां त्याच्याच बळानें तोल राखावा, हें या योजनेंतील चातुर्य होय. ही उपकरणें हातानें घडविण्याचें आणि समुद्रावर तीं चालविण्याचें बरेंचसें काम प्रयोगशाळेंतील यंत्रकारागीर जोझेफ दाव्हिद यांनीं केलें. मोठ्या शोधांच्या कथेंत अशीं नांवें सहसा मागें पडतात. विद्यार्थ्यांनीं तीं मुद्दाम लक्षांत ठेवावीं.

१८९३ सालीं बूताँ यांनीं बान्यूलच्या किनाऱ्याजवळ तळावर उभें राहून आपलीं पहिलीं छायाचित्रें घेतलीं. कॅमेरा लोखंडी तिवईवर ठेवावा, समोरचें दृश्य निवडावें, झांकण उघडावें, आणि मग वाट पाहावी! पाण्यांतून झिरपत येणारा उजेड इतका मंद कीं कांहीं चित्रांस अर्धा अर्धा तास लागे. तेवढा वेळ तिवई हलूं नये, पायाखालचा गाळ उठूं नये, आणि वरच्या माणसांनीं पंप थांबवूं नये. एका चित्रापाठीमागें केवढा धीर आणि इतरांवर केवढा विश्वास होता याची यावरून कल्पना येईल. मात्र पाणी उथळ व ऊन लख्ख असल्यास क्षणांत चित्र घेणेंही शक्य आहे, असें त्यांस आढळून आलें. ही गोष्ट पुढें आपल्या उपयोगीं पडणार आहे.

आतां तिसरा शत्रु राहिला. सूर्याचा उजेड पुरत नाहीं, तर दिवा बरोबर न्यावा असें त्यांनीं ठरविलें. पण पाण्यांत दिवा जळावा कसा? शोफूर नांवाच्या विद्युत्तंत्रज्ञानें प्राणवायूनें भरलेल्या कांचेच्या गोलांत मॅग्नेशियम धातूची फीत ठेवून ती विजेच्या प्रवाहानें पेटविण्याची युक्ति काढली. प्रकाश मोठा लख्ख पडे; परंतु फीत सारखी जळत नसे, पांढऱ्या धुरानें गोल भरून जाई आणि उष्णतेनें कांच फुटण्याचें भय असे. धोका ओळखून बूताँ व दाव्हिद यांनीं निराळा मार्ग धरिला. सुमारें दोनशें लिटरांचें एक पिंप घेऊन त्यांत हवा सांठविली; त्याच्या माथ्यावर कांचेच्या घंटेखालीं स्पिरिटचा दिवा ठेविला; आणि रबरी फुगा दाबतांच मॅग्नेशियमचें चूर्ण त्या ज्योतीवर उडावें अशी व्यवस्था केली. हें धूड पाण्याखालीं राहावें म्हणून त्यास जड वजनें बांधावीं लागत. आज जो दिवा कॅमेऱ्याच्या कोपऱ्यांत नखाएवढ्या जागेंत बसतो, त्याचा हा पूर्वज एका पिंपाएवढा होता!

या प्रयोगांतून पाण्याचे स्वभावधर्मही उलगडत गेले. पाण्यांत प्रकाशकिरण वांकतात, त्यामुळें वस्तु आहे त्यापेक्षां सुमारें एकचतुर्थांश जवळ व सुमारें एकतृतीयांश मोठी भासते, आणि भिंगाच्या टप्प्यांत येणारें दृश्य आंखुडतें. तांबडा रंग पाणी प्रथम गिळून टाकतें. थोड्याच मीटरांच्या अंतरांत तो फिका पडतो, मागोमाग नारिंगी व पिवळा यांची तीच दशा होते, आणि शेवटीं उरतो तो निळा-हिरवा. हें अंतर केवळ खोलीचेंच मोजावयाचें नसून कॅमेरा आणि वस्तु यांमधलेंही मोजावयाचें असतें. शिवाय समुद्राच्या पाण्यांत गाळाचे व सूक्ष्म जीवांचे असंख्य कण तरंगत असतात, त्यांच्यामुळें दूरचें सर्व धुरकट होतें. बूताँ यांच्या काळच्या प्लेटी निळ्या रंगासच विशेष ग्रहण करीत आणि चित्र काळ्या-पांढऱ्याचें असे, म्हणून रंगनाशाची अडचण त्यांस तितकी जाणवली नाहीं. आज रंगीत चित्र घेणारास ती पदोपदीं जाणवते.

यश मिळाल्यावर बूताँ स्वस्थ बसले नाहींत. पुढें त्यांनीं अठरा बाय चोवीस सेंटिमीटरांच्या मोठ्या प्लेटींचा कॅमेरा करविला, आणि जलाभेद्य कोशांत बसविलेले विजेचे प्रखर दिवे पाण्यांत सोडून, स्वतः खालीं न उतरतां पन्नास मीटर खोलीवर चित्र घेण्याची योजना सिद्धीस नेली. १८९९ सालीं त्यांनीं घेतलेलें एक चित्र आजही सर्वत्र छापलें जातें. त्यांत पाणबुड्याच्या पोशाखांत तळाशीं उभे आहेत ते रुमानियाचे प्राणिशास्त्रज्ञ एमिल राकोव्हित्सा. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या बेल्जिका जहाजावरून ते त्याच वर्षीं परतले होते. १९०० सालीं बूताँ यांनीं आपला सर्व अनुभव एका ग्रंथांत प्रसिद्ध केला. सागरतळाच्या छायाचित्रणावरील तो पहिला ग्रंथ समजला जातो. आपलीं अपयशें त्यांनीं लपविलीं नाहींत. कोठें काय फसलें तेंही लिहून ठेविलें, म्हणून मागून येणारांची वाट सुकर झाली.

ती वाट मात्र बरेच दिवस ओस राहिली. पाण्याखालील पहिलीं रंगीत छायाचित्रें लाँग्ली आणि मार्टिन या दोन अमेरिकनांनीं फ्लॉरिडाजवळ १९२६ सालीं घेतलीं. त्यांसही तराफ्यावर मॅग्नेशियमचें चूर्ण पेटवावें लागलें. पुढें बेल्जियमचे जां द वूतेर यांनीं सागरसंशोधक कूस्तो यांच्यासाठीं मुठींत मावेल असा कॅमेरा तयार केला. त्यास निराळी पेटी लागत नसे. कॅमेऱ्याचें अंगच जलाभेद्य होतें. १९६३ पासून एका जपानी कारखान्यानें तो निकोनोस या नांवानें विकण्यास आरंभ केला, आणि बूताँ यांचें धूड सामान्य माणसाच्या हातांत आलें.

बूताँ यांचें उर्वरित आयुष्यही कार्यमग्न होतें. ते इंडोचायनांत गेले आणि तेथील शास्त्रीय संशोधनाची धुरा त्यांनीं वाहिली. गिबन जातीच्या वानराच्या आवाजांचें बारकाईनें निरीक्षण करून १९१३ सालीं त्यावर निबंध लिहिला. नंतर बोर्दो व अल्जिअर्स येथें प्राणिशास्त्राचें अध्यापन केलें. मोत्यांचा तर त्यांस फार दिवसांचा व्यासंग होता. १९२० नंतरच्या काळांत जपानी लोकांनीं शिंपल्यांत वाढविलेलीं मोतीं पॅरिसच्या बाजारांत आलीं, तेव्हां तीं खोटीं आहेत असा व्यापाऱ्यांनीं मोठा गिल्ला केला. बूताँ यांनीं तीं मोतीं तपासलीं, आणि शिंपल्यानेंच तयार केलेलीं हीं खरींच मोतीं आहेत असा निर्वाळा दिला. आपल्याच देशांतील धनिक व्यापाऱ्यांस तो रुचणार नव्हता. परंतु डोळ्यांनीं जें पाहिलें तें तसेंच सांगावें, हें व्रत त्यांनीं समुद्राच्या तळाशीं घेतलें होतें, तें बाजारांतही सोडलें नाहीं. १९३४ सालीं अल्जीरियांत त्यांचा अंत झाला.

आतां त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळूं. या चरित्रांतूनच त्याचें उत्तर आम्हांस मिळालें, आणि तें आम्हीं त्यांस पुढीलप्रमाणें सांगितलें. पहिली गोष्ट, काम पाहून साधन निवडावें. पाण्यावर तरंगणारा मुलगा फार तर दोनतीन मीटर खालीं जाणार. त्यास पन्नास मीटरांची पेटी घेऊन काय करावयाचें? आजचे पुष्कळसे लहान जलाभेद्य कॅमेरे दहा-पंधरा मीटरांपर्यंत टिकतात, आणि तेवढें पुरे. केवळ खोलीचा आंकडा मोठा म्हणून अधिक पैसे देऊं नयेत. दुसरी गोष्ट, भिंग रुंद टप्प्याचें असावें, आणि अगदीं जवळची वस्तुही स्पष्ट टिपणारें असावें. कारण पाण्यांत जवळ जाणें हाच धुक्यावर एकमेव उपाय आहे. तिसरी, पाण्याखालील रंग सुधारण्याची सोय त्यांत आहे किंवा नाहीं तें पाहावें. चौथी, कळा मोठ्या असाव्या, ओल्या बोटांनीं दाबतां याव्या, आणि कॅमेरा बुडूं नये म्हणून त्यास तरंगणारा पट्टा बांधावा. पांचवी, झांकणाच्या रबरी कड्यावर वाळूचा एक कण किंवा केस राहिला तरी पाणी आंत शिरतें. म्हणून तें उघडण्यापूर्वीं व मिटण्यापूर्वीं पुसावें, आणि समुद्रांतून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यांत कांहीं वेळ बुडवून ठेवावा. कॅमेऱ्याच्या अंगच्या दिव्याचा उपयोग अगदीं जवळच्या वस्तूपुरताच करावा. एरव्हीं मधले कण उजळून चित्रावर पांढरे ठिपके पडतात. आणि चित्राच्या लोभानें पोवळ्यांवर पाय ठेवूं नये, त्यांस हात लावूं नये. तीं सजीव आहेत. मंद वाढतात आणि सहज मोडतात.

इतकें सांगून शेवटीं आम्हीं हेंही सांगितलें कीं, कॅमेरा घेण्याची घाई नाहीं. जवळ आहे त्या साधनानें आधीं मुलानें अभ्यास करावा. फोन घालण्यापूर्वीं त्या पिशवींत नुसता कोरडा टीपकागद घालून ती अर्धा तास बादलींत बुडवून ठेवावी. कागद कोरडा निघाला तरच पुढें जावें. बूताँ यांचा तो अर्धा तास आम्हांस येथें आठवला.

पितापुत्रांनीं तसेंच केलें. पहिल्या पिशवींतला कागद ओला निघाला, आणि फोन वांचला! दुसरी पिशवी कसोटीस उतरली. दिवाळीच्या सुटींत तीं मंडळी पुनः मालवणास गेलीं. या वेळीं मुलानें दुपारचें ऊन पाठीवर घेतलें. माशाचा पाठलाग न करितां एका खडकाजवळ तो निश्चल तरंगत राहिला. आणि मासा हाताच्या अंतरावर आल्यावरच त्यानें चित्र घेतलें. चाळीस चित्रांपैकीं एकोणचाळीस वायां गेलीं. चाळीसाव्यांत पिवळे पट्टे मोजतां येतात. तें चित्र सध्यां आमच्या वर्गाच्या फळ्याशेजारीं लाविलेलें आहे, आणि ज्यांनीं हसून दाखविलें तींच मुलें आतां त्या माशाचें नांव पुस्तकांतून शोधीत आहेत. कॅमेऱ्यासाठीं वडिलांनीं दरमहा थोडी रक्कम बाजूस ठेवण्यास आरंभ केला असून, तो पुढील उन्हाळ्यांत घ्यावयाचें ठरलें आहे.